थंडी गेल्याचीही बातमी छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत आपल्या अंकात परभणीची थंडी पहिल्या पानावर असते. पारा एक आकडी झाला की आकडा ठळक टाइपात, शेजारी शेकोटीभोवती बसलेल्यांचा फोटो आणि खाली कृषी विद्यापीठाच्या वेधशाळेचा हवाला. वाचून आम्हा परभणीकरांची छाती उगंच फुगते. पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना ‘तुमच्या महाबळेश्वरापेक्षा आमच्याकडं जास्त’ असं सांगता येतं. एरवी सांगायला आमच्याकडं ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ एवढंच. पण ही थंडी गेली कधी, ते आपण कधीच छापत नाही. एकदम एप्रिलात ‘पारा चाळिशीपार’ आणि तोंडाला रुमाल बांधलेल्या मुलींचा गाडीवरचा फोटो. मधले चार-पाच आठवडे बातमीतून गळतात. त्या गळालेल्या आठवड्यांबद्दल हे पत्र आहे.

मी घड्याळजी. नव्या मोंढ्याकडं पत्र्याची एक टपरी आहे, तिला मी दुकान म्हणतो. तीस वर्षं डोळ्याला आयग्लास लावून वाकून बसतोय. पूर्वी चावीची घड्याळं यायची. मशीन खोलायचं, पेट्रोलमध्ये धुवायचं, सुईच्या टोकाएवढं तेल द्यायचं. आता नुसते सेल टाकायचे आणि पट्टे बदलायचे. जन्म १९७२ चा, म्हणजे आमचं कृषी विद्यापीठ, तो मोठा दुष्काळ आणि मी, तिघं एकाच सालचे. सहा वर्षांपूर्वी डॉक्टरांनी शुगर काठावर असल्याचं सांगितलं. ‘बसून बसून दुसरं काय होणार, जरा पळा’ असं ते बोलण्याच्या ओघात म्हणाले असतील, मी मनावर घेतलं. आमच्याकडं ‘धावणं’ शाळेच्या पुस्तकात असतं, तोंडात पळणंच असतं. म्हणून इथंही पळणंच लिहिलंय. छापताना कृपया दुरुस्त करू नये.

तर माझं पळणं म्हणजे वसमत रोडच्या काळ्या कमानीपासून विद्यापीठाच्या आत, झाडाखालच्या रस्त्यानं चार किलोमीटर. थंडीत बनियनवर शर्ट, शर्टावर स्वेटर, कानटोपी आणि वरून मफलर. जानेवारीत उजाडायलाच सात वाजत येतात. किलोमीटरला साडेआठ मिनिटं लागायची. एकदा फिरायला आलेल्या दोन रिटायर्ड प्रोफेसरांनी मला बोलत बोलत मागं टाकलं, आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीबद्दलचा त्यांचा वाद तेवढ्यात एका शब्दानंही थांबला नाही.

थंडीत जुनं घड्याळ मागं पडतं, हे आमच्या धंद्यातलं साधं ज्ञान आहे. आतलं तेल घट्ट होतं, बॅलन्सच्या, म्हणजे ठोका देणाऱ्या चाकाला जोर पुरत नाही. गिऱ्हाईक तक्रार घेऊन येतं तेव्हा मी सांगतो, मालक, दोष घड्याळाचा नाही, हवेचा आहे. स्वतःच्या पायांबद्दलही मी सहा वर्षं हेच सांगत होतो. अर्धी गोष्ट खरीच आहे. गारठ्यात स्नायू आखडलेले असतात, हातापायांकडं रक्त कमी जातं, गुडघे पहिला किलोमीटरभर कुरकुरतात. पण लांब पल्ल्याच्या पळणाऱ्यांना गार हवा उलट मानवते, मुंबईची मॅरेथॉनही जानेवारीतच असते. ती माणसं जोरात पळून आतून तापतात आणि बाहेरचा गारवा त्यांना पंख्यासारखा लागतो. माझ्यासारखा रांगत जाणारा तापतच नाही. म्हणजे हवेचा दोष रुपयातला चार आणे, बाकी माझा. हे मला यंदा शिवरात्रीनंतर कळलं, तेही एका बिघडलेल्या स्टॉपवॉचमुळं.

आमच्या ओळखीचे एक पीटीचे सर आहेत. शाळेतून रिटायर झाले, आता सकाळी एका मैदानावर पोलिस भरतीच्या पोरापोरींना फुकट शिकवतात. त्यांचं चावीचं जुनं स्टॉपवॉच दुरुस्तीला आलं. तक्रार अशी, की बटन दाबल्यावर काटा शून्यावर येत नाही, दोनवर अडकतो. म्हणजे प्रत्येक पोराच्या वेळेत दोन सेकंदं फुकटची चढलेली. असं घड्याळ हातात आलं की मला अजूनही आनंद होतो. आत एक बदामाच्या आकाराचा तुकडा असतो, पत्त्यातल्या बदामासारखा. बटन दाबलं की हातोडी त्या बदामावर पडते, आणि तो कसाही फिरलेला असो, घसरत घसरत आपल्या खाचेत येऊन बसतो. तेव्हा काटा शून्यावर येतो. इथं त्याच्या कडेवर जुन्या तेलाचा राळेसारखा थर बसला होता. धुतलं, पुसलं, तेल दिलं. काटा टक्कन शून्यावर यायला लागला. सेकंदाला पाच टिकटिक, म्हणजे काट्याची एक उडी एक पंचमांश सेकंदाची. हातावरच्या चावीच्या एचएमटीचाही ठोका तोच. तीस वर्षं हा ठोका कानाशी असल्यानं घड्याळ न बघता मला अर्धं मिनिट बरोबर मोजता येतं. ही काही विद्या नाही, खोड आहे.

शिवरात्रीला थंडी ‘शिव शिव’ म्हणत जाते म्हणतात. त्यानंतरच्या तिसऱ्या-चौथ्या सकाळी मी स्टॉपवॉच पोचवायला मैदानावर गेलो. घरातून निघताना मफलर घेतला आणि दारातूनच परत ठेवला. हवेतला चावा गेला होता. कडुलिंबाची पानं गळत होती आणि रस्त्याच्या कडेला नवीन काढलेल्या ज्वारीच्या कडब्याचा गोडसर वास होता. विद्यापीठाकडं एक पळस आहे, त्याला पान एकही नाही आणि फुलं खच्चून. आंब्याचा मोहोर नाकाला झोंबत होता.

मैदानावर फक्की मारून आखलेला दोनशे मीटरचा गोल. एक मुलगी आठशे मीटरची तयारी करत होती. ज्यांच्या घरात भरतीचं पोरगं नाही त्यांच्यासाठी सांगतो, मैदानी चाचणी पन्नास गुणांची असते. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८०० मीटर, शिवाय दोघांनाही १०० मीटर आणि गोळाफेक. आठशे मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत आलं तर वीसपैकी वीस. ही मुलगी २ मिनिटं ५८ वर अडकली होती. सर म्हणाले, दम आहे हिच्यात, पण पहिला गोल छत्तीस सेकंदांत मारते आणि तिसऱ्यात मरते. चार गोल साडेबेचाळीसनं यायला पाहिजेत. मग माझ्याकडं बघून म्हणाले, ‘तुमच्या डोक्यात घड्याळ आहे ना, पहिला गोल हिच्या पुढं पळा. बेचाळीसच्या आत येऊ देऊ नका.’

मी हसण्यावारी नेलं. पण पोरं जमली होती. ‘पळा ना काका,’ एक जण म्हणाला. ‘कामून लाजायलात?’

सरांनी मला तसंच सोडलं नाही, हे त्यांचे उपकार. वीस मिनिटं वॉर्मअप करून घेतला. हळू चार फेऱ्या, मग गुडघे छातीपर्यंत उचलत, टाचा मागं मारत, मग पन्नास-पन्नास मीटर थोडं थोडं वाढवत. स्वेटर मी दुसऱ्याच फेरीत काढून खांबाला अडकवला होता.

शिट्टी झाली. पहिली वीस पावलं मी घड्याळ मोजत होतो, नंतर मोजणं आपोआप चालू राहिलं आणि पळणं वेगळं झालं. सहा वर्षं माझी टाच आधी टेकायची, आता पाय पुढच्या चवड्यावर पडत होते आणि जमीन त्यांना परत वर ढकलत होती. कानात वारा वाजायला लागला. शर्ट पाठीमागं फडफडत होता. वळणावर अंग आपोआप डावीकडं कललं. कसं कलायचं ते पायांना माहीत होतं, मला नव्हतं. पाठीमागं त्या मुलीचा श्वास, ती पुढं जायला बघत होती, आणि मी न वळता हातानं ‘थांब, थांब’ करत होतो. शेवटच्या तीस मीटरमध्ये मांड्यांना आग लागली. रेषेवर बटन दाबलं, ४२ आणि चार पंचमांश. ती पुढं निघून गेली, मी बाजूला होऊन गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहिलो. आणि मला हसू यायला लागलं. आवरेना. पोरांना वाटलं काकांना काही झालं, एक जण पाण्याची बाटली घेऊन पळत आला.

आठवलं काय, तर गावाकडची ज्वारी. काढणीच्या आधी आम्ही पोरं गोफण घेऊन पाखरं राखायला जायचो. काढणी झाली की रान मोकळं व्हायचं, आणि संध्याकाळी या धुऱ्यापासून त्या धुऱ्यापर्यंत अनवाणी शर्यत. धसकटं पायात शिरायची म्हणून पाय जमिनीवर ठेवायचाच नाही, नुसता लावायचा. जो हळू पळायचा त्याच्याच पायात धसकट जास्त शिरायचं. त्यानंतर मी आयुष्यात एसटी पकडायलाच तेवढा पळालो. डॉक्टरांच्या सांगण्यावरून सहा वर्षं जे केलं, ती औषधाची गोळी होती, पाण्याबरोबर गिळायची. त्यात वाईट काही नाही. शुगर काठावरून मागं आली ती त्या गोळीनंच. पण त्या बेचाळीस सेकंदांत आलं ते त्या सहा वर्षांत एकदाही आलं नव्हतं.

त्या दिवशी मुलीचे आठशे २ मिनिटं ५४ मध्ये आले.

पुढचा भाग सांगायला लाज वाटते, पण माझ्या वयाचं कुणी हे वाचून उठलं तर त्याच्या उपयोगाचा आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला मी एकटाच काळ्या कमानीपाशी गेलो. वॉर्मअप वगैरे काही नाही, पळालो तसा थेट जोरात. एकदा, दोनदा, आणि तिसऱ्यांदा डाव्या मांडीच्या मागं टच्‌कन काहीतरी झालं. गिऱ्हाईक येऊन म्हणतं, चावी जास्त दिली म्हणून घड्याळ बंद पडलं. तीस वर्षं मी समजावतोय, जास्त चावीनं चांगलं घड्याळ बंद पडत नसतं, आत मळ असतो. त्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला बसून स्वतःलाच ते समजावलं. लंगडत घरी आलो. बायको भाकरी टाकत होती. तव्यावरची नजर न काढता म्हणाली, ‘फॉर्म भरलाव का भरतीचा?’ हळदीचा लेप तिनंच लावला, पण दहा दिवस रोज एकदा तरी कुणा ना कुणाला फोनवर ही गोष्ट सांगितली.

दहा दिवसांनी सरांकडं गेलो. ते म्हणाले, तुम्हाला गोल-बिल काही नको, तुम्ही खेळा. आणि स्वीडनच्या एका प्रशिक्षकाची गोष्ट सांगितली. गोस्टा होल्मर त्याचं नाव. त्यानं १९३० च्या दशकात फार्टलेक नावाची पद्धत काढली, अर्थ वेगाचा खेळ. मोजमाप नाही, मैदान नाही, रानावनातून पळत जायचं, मनात आलं की जोर करायचा, दमलं की सैल सोडायचं. मी आता विजेच्या खांबांवर खेळतो. पंधरा मिनिटं हळू पळून अंग तापलं की एक खांब जोरात, दोन खांब सावकाश. पोराटोरांची मजा आहे सगळी. पुढच्या खांबापर्यंत जायचं आहे एवढंच डोक्यात असतं. आठवड्यातून दोनदाच, मधे दोन दिवस जुनी गोळी. हळू पळण्याचीही गंमत अशी झालीय, की काही न करता साडेआठ मिनिटांचं साडेसातवर आलंय. घाटेअळीवाले प्रोफेसर आता मागं राहतात. उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा वाद आंब्याच्या मोहरावरच्या तुडतुड्यांवर गेला आहे, मी तो तुकड्या-तुकड्यांनी ऐकतो.

मराठवाड्याला पळण्याचं काय, असं कुणी म्हणत असेल तर अविनाश साबळे आमचाच. बीड जिल्ह्यात आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव. तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळ्यांची शर्यत, तो जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांत पळाला. मी दुकानात बसून कागदावर भागाकार केला. दर दोनशे मीटर तेहतीस सेकंदांच्या आत, असे सलग पंधरा वेळा, आणि वरून अठ्ठावीस अडथळे नि सात वेळा पाण्यातली उडी. माझे बेचाळीस एकदाच होते आणि त्यातही मी मरायला टेकलो होतो. २०२२ च्या बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याचं सोनं पाच शतांश सेकंदानं हुकलं, रौप्य मिळालं. सरांच्या स्टॉपवॉचचा काटा एक उडी मारतो ना, तिच्या चौथ्या हिश्श्याएवढं. बातमी मी तेव्हाही वाचली होती. पण बेचाळीस सेकंदं स्वतःच्या मांड्यांत भरल्याशिवाय तो चौथा हिस्सा मला कळला नव्हता, आणि मी तर घड्याळजी.

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्याकडं जोरात पळायला जमेल असे दिवस फार थोडे. शिवरात्रीपर्यंत माझ्यासारख्याचं अंग आखडलेलं, आणि पाडव्यानंतर सकाळी आठलाच ऊन पाठीवर चाबकासारखं बसतं. मे महिन्यात तर पहाटेचा वाराही भट्टीतून आल्यासारखा. मधले हे चार-पाच आठवडे तेवढे आपले. लग्नसराई तोंडावर येते, मार्च एंडची धावपळ, पोरांच्या परीक्षा, ह्यात ते कसे निघून जातात कळत नाही. सहा वर्षं माझेही गेलेच.

आणि ह्याच दिवसांत आमच्या शहरातल्या एका मैदानाचं फाटक सकाळी सहाच्या पुढं उघडतं. का, ते विचारलं तर ‘किल्ली असणारा माणूस सहाला येतो’ असं उत्तर मिळालं. भरतीची पोरं पाचला उठलेली असतात. मग ती रस्त्यावर पळतात. हा उसाचा हंगाम, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर अंधारात मागचा लाल दिवा नसताना चाललेले. शेवटच्या ट्रॉलीतून ऊस बाहेर लोंबत असतात, ते शेजारून पळणाऱ्याच्या तोंडाच्या उंचीवर येतात. गंगाखेड रोडला मी स्वतः एका पोराला हाताला धरून बाजूला ओढलंय. त्याच्या कानात गाणी होती. पोराला दोन शब्द बोललो, ट्रॅक्टरवाल्याला बोलायला तो थांबला असता तर बोललो असतो. फाटकाची किल्ली पाचला यावी, एवढी मागणी आपल्या मार्फत संबंधितांपर्यंत पोचली तर बरं होईल. दुसरी किल्ली करायची असेल तर आमच्याच लायनीत किल्लीवाला बसतो, खर्च मी देतो.

आणि आपल्याला विनंती अशी, की पुढच्या वर्षी थंडीचा आकडा छापालच, पण ती गेली की एका कोपऱ्यात चार ओळी टाका. शेकोटीचा फोटो जिथं टाकता तिथंच पळसाचा टाका. खाली लिहा, मफलर ठेवून द्या.

आपला जुना वाचक,
एक घड्याळजी, नवा मोंढा, परभणी

ता. क. पत्र लिहून ठेवलं होतं, टाकायचं राहिलं. काल सकाळी त्या मुलीचे आठशे मोजले. माझ्या हातातल्या त्याच स्टॉपवॉचवर २ मिनिटं ५१ आणि दोन पंचमांश, सरांच्या मोबाईलवर ५१.६. सर म्हणतात तुमचा अंगठा आधी दाबला जातो, मी म्हणतो मोबाईलचं बटन उशिरा लागतं. मुलगी म्हणाली, ‘दोन्ही असू द्या, उद्या परत मोजा.’